कॅसलटन: दोन खडकांच्या सांध्यावरचं गाव आणि त्याच्या भोवतीच्या पायवाटा

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत मे महिना आला की आई-बाबा येतात, आणि त्यांना घेऊन कुठे कुठे जायचं याची यादी होते. लंडन, स्कॉटलंड, लेक डिस्ट्रिक्ट हे ठरलेलं. डर्बीशरमधलं कॅसलटन त्या यादीत क्वचितच असतं. असलंच तर रविवारी दुपारी गाडी घेऊन मॅम टॉर या डोंगराच्या पायथ्याशी जायचं, अर्धा तास पार्किंग शोधायचं, वर जाऊन फोटो काढायचे आणि परत फिरायचं, एवढंच. मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. नंतर शेफिल्डहून रेल्वेने, नकाशा घेऊन, पायी जायला लागलो, तेव्हा हे गाव मला खरं कळलं. माझं सांगणं एवढंच आहे की कॅसलटन पायीच बघा, आणि निदान एक पूर्ण दिवस द्या. दोन दिवस मिळाले तर फारच चांगलं.

आधी जागा समजून घेऊ. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ साली जाहीर झालेलं. आपल्याकडच्या अभयारण्यासारखं ते नाही. आत गावं आहेत, शेती आहे, मेंढ्या आहेत, सिमेंटचा एक कारखानासुद्धा आहे. या उद्यानाचे दोन भाग पडतात. दक्षिणेला पांढऱ्या चुनखडीचा 'व्हाइट पीक' आणि उत्तरेला काळपट वाळूच्या खडकाचा, दलदलीच्या पठारांचा 'डार्क पीक'. कॅसलटन बरोबर या दोघांच्या सांध्यावर आहे. गावाच्या दक्षिणेला चुनखडीच्या घळी आणि गुहा, उत्तरेला शेल म्हणजे चिखलापासून बनलेल्या मऊ खडकाच्या ठिसूळ थरांवर उभी असलेली लांबलचक धार. सह्याद्रीत आपण एकाच बेसॉल्टवर दिवसभर चालतो. इथे तासाभरात पायाखालचा दगड बदलतो आणि त्याबरोबर गवत, पाणी, कुंपणं, सगळंच बदलतं. खाली दिलेल्या वाटा मी हा बदल पायांना कळावा अशाच निवडल्या आहेत.

कधी जावं

मे आणि जून सगळ्यांत उत्तम. रानफुलं असतात, वाटा बऱ्यापैकी कोरड्या असतात, आणि जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असल्याने घाई होत नाही. २९ मे रोजी गावात गार्लंड डे असतो. घोड्यावर बसलेल्या 'राजा'च्या अंगावर कमरेपर्यंत फुलांचा प्रचंड मुकुट चढवतात, गावभर वाजतगाजत मिरवणूक निघते आणि शेवटी तो फुलोरा सेंट एडमंड चर्चच्या मनोऱ्यावर ओढून नेतात. ज्याला आपल्या गावची जत्रा आठवते त्याने तो दिवस चुकवू नये.

ऑगस्टमध्ये उत्तरेकडची पठारं हेदरच्या फुलांनी जांभळी होतात. एप्रिलमध्ये कुरणांत नवजात कोकरं असतात. दिसायला गोड, पण त्या दिवसांत मेंढ्यांपासून लांबून चालावं. डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. हिवाळ्यात जायला माझी हरकत नाही, किंबहुना धुकं खाली दरीत आणि आपण वर उन्हात असा दिवस मिळाला तर तो विसरता येत नाही. पण मग सकाळी नऊला चालायला लागा आणि दगडी पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर असेल हे गृहीत धरा.

कसं पोहोचावं

शेफिल्ड आणि मँचेस्टर यांना जोडणारी होप व्हॅली रेल्वे १८९४ साली सुरू झाली. कॅसलटनला स्वतःचं स्टेशन नाही. जवळची दोन स्टेशनं म्हणजे होप आणि एडेल. शेफिल्डहून होपला साधारण अर्धा तास लागतो, मँचेस्टर पिकाडिलीहून एडेलला पाऊण तासाच्या आसपास. शेफिल्डहून २७२ क्रमांकाची बस थेट कॅसलटनला येते. वेळापत्रक आदल्या दिवशी बघून ठेवा, विशेषतः रविवारचं आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं.

होप स्टेशनावरून कॅसलटन सुमारे चार किलोमीटर. आधी होप गावात या आणि तिथून पीक्सहोल वॉटर या ओढ्याच्या काठाने शेतातून जाणारी पायवाट धरा. वाट जवळजवळ सपाट आहे. मध्ये सिमेंट कारखान्याकडे जाणारा एक रूळ ओलांडावा लागतो. तिथे थांबून, दोन्हीकडे बघून जायचं. आई-बाबांना इंग्लंडमधलं शेत, दगडी कुंपणं आणि फाटकं यांची ओळख करून द्यायला यासारखी वाट नाही.

पायांत दम असेल तर एडेलला उतरा आणि हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीतून कॅसलटनमध्ये या. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक आपली मयतं खांद्यावरून याच खिंडीतून कॅसलटनच्या दफनभूमीत आणत. म्हणून हिला शवपेटीची वाट म्हणतात. पुढे एडेलमध्ये कापसाची गिरणी निघाली तेव्हा कॅसलटनच्या कामकरी बायका रोज हीच खिंड ओलांडून कामाला जात. आपल्याला दीड-दोन तास लागतात आणि वर पोहोचल्यावर आपण बसून पाणी पितो. त्या बायका पावसात, अंधारात, दिवसभराच्या कामाआधी आणि नंतर हे चालत होत्या. मला या वाटेवर प्रत्येक वेळी त्यांची आठवण येते.

गाडीनेच यायचं असेल तर सकाळी नऊच्या आत पोहोचा आणि गावातल्या माहिती केंद्राशेजारच्या वाहनतळावर गाडी लावा. स्वच्छतागृह तिथेच आहे. रस्त्याच्या कडेला गवतावर गाडी चढवू नका. विनॅट्स पास या खिंडीच्या अरुंद चढावर अशा गाड्यांमुळे बस आणि रुग्णवाहिका अडकतात.

सोबत काय घ्यावं

बूट. बाकी यादी नंतर, आधी बूट. तळाला खोल खाचा असलेले, घोट्याला आधार देणारे आणि आधीच पायात रुळलेले. पहिल्या वर्षी मी शहरातले धावायचे बूट घालून केव्ह डेल या घळीत गेलो आणि ओल्या चुनखडीवर सरळ आडवा झालो. शेकडो वर्षं पावलांनी आणि पाण्याने घासलेला तो दगड पाऊस पडल्यावर शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखा होतो.

पावसाळी जाकीट जून महिन्यातसुद्धा घ्या. खाली गावात वारा नसला तरी धारेवर असतोच, आणि घामाने भिजलेल्या अंगाला तो वारा फार लवकर गार करतो. आई-बाबांसाठी कानटोपी आणि हातमोजे बॅगेत टाका, ते नको म्हणाले तरी. शिवाय डोक्याला लावायचा दिवा, शिट्टी, माणशी एक लिटर पाणी आणि भरपूर खाऊ. गावात पब आणि चहाची दुकानं आहेत, पण वर काहीही नाही. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा हा डबा ठरलेला असतो. थंडीत सँडविचपेक्षा तो अधिक वेळ पुरतो.

नकाशा कागदाचा घ्या: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल-१, डार्क पीक. प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. त्यावर हिरव्या आखूड तुटक रेषा म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठीची सार्वजनिक पायवाट, आणि लांब तुटक रेषा म्हणजे घोडे व सायकलींनाही मुभा असलेली वाट. फिकट पिवळसर छटेचा भाग दिसेल तिथे वाट सोडूनही चालण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्ष जमिनीवर खांबांवर बाण असतात. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांचा, निळा घोडेस्वारांनाही चालणारा. फोनवर नकाशा जरूर ठेवा, पण दरीत बऱ्याच ठिकाणी सिग्नल मिळत नाही आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

पहिला दिवस: घळीतून वर, धारेवरून परत

ही फेरी साधारण १० किलोमीटरची आहे. रमतगमत चार-साडेचार तास धरा. सुरुवात चुनखडीत, शेवट शेलवर.

गावातल्या जुन्या बाजारचौकातून बारगेट नावाच्या रस्त्याने थोडं वर चढा. उजव्या हाताला घरांच्या मधून एक चिंचोळी फट दिसेल. पाटी नसती तर ती कोणाच्या परसातली वाट वाटली असती. आत शिरलात की दोन्ही बाजूंना कातळ उभे राहतात. हे केव्ह डेल. उजवीकडे मान वर केलीत की कड्याच्या टोकावर पेव्हरिल किल्ल्याचा चौकोनी बुरूज दिसेल. नॉर्मन राजा विल्यमने १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर विल्यम पेव्हरेल या सरदाराने हा किल्ला बांधायला घेतला, आणि हा बुरूज दुसऱ्या हेन्रीने ११७६ साली उभा केला. आपले गिरिदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो लहान वाटेल. पण घळीतून त्याच्याकडे बघितलं की जागा निवडणाऱ्याची नजर कळते. या बाजूने चढून येणं केवळ अशक्य आहे. किल्ल्यात जाण्याची वाट गावातून वेगळी आहे, नागमोडी आणि चढाची. तिकीट आहे आणि वरून दिसणारा देखावा त्या पैशांचा मोबदला देतो.

घळ चढत जा. सुरुवातीला वाट दगडगोट्यांची आहे, मग घासलेल्या कातळाची. इथे पावलं आखूड टाका. याच कारणासाठी केव्ह डेल मी नेहमी चढायला घेतो, उतरायला कधीच नाही. वर येताच घळ उथळ होत जाते आणि शेवटी विस्तीर्ण कुरणात विरून जाते. आजूबाजूला पाणी कुठेच दिसत नाही हे लक्षात घ्या. चुनखडीवर पडलेला पाऊस भेगांतून खाली जातो आणि जमिनीखालून वाहतो. तुम्ही ज्या कुरणावर उभे आहात त्याच्या पोटात नद्या आहेत.

वर वाटांचा फाटा येतो. 'लाइमस्टोन वे' नावाची लांब पल्ल्याची वाट डावीकडे दक्षिणेला जाते. तुम्ही वायव्येकडे, राउटर फार्मच्या दिशेने वळा. शेताची वाट डांबरी रस्त्याला मिळते. तो ओलांडून विंडी नॉल या छोट्याशा टेकाडापाशी या. इथल्या खाचेत एकोणिसाव्या शतकात हिमयुगातल्या रानगव्यांची, रेनडिअरची आणि अस्वलांची हाडं मिळाली. जागा दिसायला अगदी साधी आहे, पाच मिनिटं थांबून पुढे निघा. पुढचा रस्ता ओलांडला की मॅम निक ही खिंड येते, आणि तिथून फाटकातून मॅम टॉरची दगडी वाट वर जाते.

मॅम टॉर

उंची ५१७ मीटर. कळसूबाई चढलेल्या माणसाला हे काहीच नाही, आणि खिंडीतून तर वीस-पंचवीस मिनिटांचंच काम आहे. पण या डोंगराला उंचीने मोजू नये. मॅम म्हणजे आई. म्हणजे मॅम टॉर हा आईचा डोंगर. असं नाव का पडलं असावं याचं लोकांत सांगितलं जाणारं कारण असं की त्याच्या कुशीतून सतत दरडी कोसळतात आणि खाली लहान टेकड्या जन्मतात. दुसरं नाव 'थरथरणारा डोंगर'.

माथ्यावर पायवाट फरसबंद केलेली दिसेल. ती केवळ सोयीसाठी नाही. हा माथा म्हणजे कांस्ययुगाच्या अखेरीचा आणि लोहयुगातला तटबंदीचा डोंगरी किल्ला आहे. खिंडीतून चढताना ज्या गवताळ उंचवट्यातून तुम्ही आत येता तो त्याचा मातीचा तट आहे, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांच्या सपाट जागा उतारावर अजून आहेत. वर्षाला लाखो पावलांनी ती माती झिजू नये म्हणून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने दगड बसवले. त्यामुळे त्या दगडांवरूनच चाला, मग ती वाट कितीही गर्दीची असो. पूर्वेच्या तुटलेल्या कड्याकडे मात्र अजिबात जाऊ नका. तिथला खडक हाताने सुटतो.

माथ्यावरून दोन्ही दऱ्या दिसतात. दक्षिणेला कॅसलटन आणि होपची रुंद दरी, उत्तरेला एडेल आणि तिच्यामागे किंडर स्काउटचं काळं पठार. पुढे ईशान्येला ग्रेट रिज ही धार पसरलेली: हॉलिन्स क्रॉस, बॅक टॉर, लूज हिल. उतरत हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीपर्यंत या. साधारण दीड किलोमीटर. थकलात तर इथून उजवीकडे उतरून हॉलोफोर्ड रोडने गावात पोहोचता येतं. अंगात ताकद असेल तर धारेवरूनच पुढे बॅक टॉरचा छोटा उभा चढ चढून लूज हिलला जा, ४७६ मीटर, आणि तिथून थेट होप स्टेशनाकडे उतरा. लूज हिलच्या माथ्याला 'वॉर्ड्स पीस' असंही नाव आहे. जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० साली शेफिल्डच्या कामगारांना रविवारी डोंगरात नेणारा भटक्यांचा संघ काढला. त्यांच्या कामाची कदर म्हणून १९४५ साली ही जमीन त्यांना भेट दिली गेली आणि त्यांनी ती लगेच नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली.

आई-बाबांसाठी: मोडलेला रस्ता

गुडघे दुखत असतील, लहान मूल सोबत असेल, तर वरची फेरी सोडा. पण हा रस्ता सोडू नका. मला विचाराल तर कॅसलटनमधली ही सर्वांत विलक्षण जागा आहे.

गावातून पश्चिमेला जाणारा मुख्य रस्ता धरा. दोनेक किलोमीटरवर तो एका ठिकाणी नुसता संपतो, गाड्या वळवायला गोल जागा आहे आणि पुढे फाटक. आत शिरायच्या आधी बाजूला ओडिन ही शिशाची जुनी खाण आहे. कातळातली ती उभी चीर म्हणजे माणसाने हातांनी खणलेली खनिजाची शिरा. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला लोखंडी गोल पट्टीवर एक भलंमोठं दगडी चाक उभं आहे. घोडा ते फिरवायचा आणि खनिज त्याखाली चिरडलं जायचं. आपल्याकडची चुन्याची घाणी पाहिलेल्यांना लगेच ओळख पटते.

फाटकापलीकडे रस्ता चढतो, आणि मग फुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विनॅट्सचा उभा चढ टाळण्यासाठी तो मॅम टॉरच्या दरडीवरूनच बांधला गेला. ही दरड चार हजारांहून अधिक वर्षं सरकते आहे. खाली भिजून मऊ होणारी शेल, वर वाळूच्या खडकाचे थर. पावसाळी हिवाळ्यात पाणी मुरलं की सगळा ढिगारा काही सेंटिमीटर खाली उतरतो. दीडशे वर्षं लोक रस्ता दुरुस्त करत राहिले. १९७९ साली तो कायमचा बंद झाला.

माझे बाबा आयुष्यभर रस्त्यांच्या कामावर होते. घाटातल्या दरडी त्यांनी कितीतरी पावसाळे उपसल्या आहेत. ते त्या तुटलेल्या कडेशी वाकले आणि बोटाने डांबराचे थर मोजू लागले. एकावर एक घातलेले, काही ठिकाणी माणसाच्या कमरेइतके जाड. "हे बघ, दर वेळी वजन वाढवत गेले," ते म्हणाले, "आणि वजनाने डोंगर अजून खाली गेला." ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. खाली परत चालताना त्यांनी पांढऱ्या मधल्या रेषेचा एक तुकडा मला दाखवला, चक्क उभा झालेला.

चढ हळूहळू आहे, पण भेगा खोल आहेत. मुलांचा हात धरा, बाबागाडी आणू नका.

परतताना जमलं तर विनॅट्स पासच्या तोंडाशी जा. नावाचा अर्थ वाऱ्याची दारं, आणि तो अर्थ तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतो. दोन्ही बाजूंचे कातळ सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाचे आहेत, तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता. दगडात शिंपल्यांचे आकार शोधा, मुलांना सापडतात. उतारावर चढू मात्र देऊ नका.

गुहा: चारही बघायची गरज नाही

तिकिटं स्वस्त नाहीत, म्हणून निवडून जा. पीक कॅव्हर्न गावातच आहे आणि वृद्धांना सर्वांत सोपी. तिचं तोंड ब्रिटनमधल्या नैसर्गिक गुहांमध्ये सर्वांत मोठं. त्या तोंडात शेकडो वर्षं दोर वळणाऱ्या कुटुंबांची वस्ती होती, त्यांच्या चुलींची काजळी छताला आजही आहे. स्पीडवेल ही शिशाची खाण. शंभराहून अधिक पायऱ्या उतरून होडीत बसायचं आणि पाण्याने भरलेल्या बोगद्यातून जायचं. मुलांना हीच आवडते, पण ज्यांना बंद जागेत घुसमटतं त्यांनी जाऊ नये. ट्रीक क्लिफमध्ये छताला लोंबणारे चुनखडीचे झुंबर सुंदर आहेत. ब्लू जॉन कॅव्हर्नला पायऱ्या फार आहेत, आणि सगळ्या परत चढाव्या लागतात.

ब्लू जॉन हा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा फ्लोराइट जगात फक्त याच डोंगरात मिळतो. गावातल्या दुकानांत त्याचे दागिने मिळतात. आईसाठी एखादं छोटं पदक घ्यावं, अशी ती गोष्ट आहे. गुहांत बाराही महिने जेमतेम ८-१० अंश तापमान असतं. उन्हाळ्यातही स्वेटर लागतो.

दुसरा दिवस: किंडर

हा दिवस सवयीच्या पायांसाठी. एडेल स्टेशनातून गावात या. ओल्ड नॅग्ज हेड या पबपासून पेनाइन वे सुरू होते, इंग्लंडच्या कण्यावरून थेट स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी ४३१ किलोमीटरची वाट, १९६५ साली खुली झालेली. तिचे पहिले काही किलोमीटर आपण चालायचे. शेतांतून अपर बूथ, मग ओढ्यावरचा छोटा दगडी पूल, आणि त्यानंतर जेकब्ज लॅडर ही दगडी पायऱ्यांची चढण. वर पठाराच्या कडेने एडेल रॉक्स आणि किंडर लोपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. सगळे मिळून साधारण १४-१५ किलोमीटर, सहा तास.

पठाराचा सर्वांत उंच बिंदू ६३६ मीटर, पण पठारावर तो शोधायला जाऊ नका. वर सगळी पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी ओली माती, तिच्यात पाण्याने कापलेले माणूसभर खोल चर, आणि धुकं आलं की चारही दिशा सारख्या. कडेची वाट सोडायची नाही, हा इथला नियम समजा. होकायंत्र वापरता येत नसेल आणि ढग खाली असतील तर त्या दिवशी जेकब्ज लॅडरच्या पायथ्यापासून परत फिरा. हिवाळ्यात नशीब असेल तर पांढरा डोंगरी ससा दिसेल. इंग्लंडमध्ये तो फक्त पीक डिस्ट्रिक्टमध्येच उरला आहे.

इथे चालताना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. १९३२ साली या पठारावर सामान्य माणसाला पाऊल ठेवायला बंदी होती. जमीनदार इथे ग्राउझ पक्ष्यांची शिकार करत, आणि त्यासाठी राखणदार ठेवत. मँचेस्टर आणि शेफिल्डच्या गिरण्यांत आठवडाभर धूर गिळणाऱ्या कामगारांना रविवारी हा डोंगर नुसता दिसायचा. २४ एप्रिल १९३२ रोजी पश्चिमेकडच्या हेफील्ड गावातून शेकडो तरुण मुलं-मुली जाहीरपणे, ठरवून किंडरवर चढली. पुढे होता बेनी रॉथमन, जेमतेम विशीतला. वर राखणदारांशी झटापट झाली. परतल्यावर सहा जणांना अटक झाली आणि त्यांतल्या पाच जणांना काही महिन्यांचा तुरुंगवास झाला. शिक्षा झाली ती दंगलीसारख्या गुन्ह्यांखाली, कारण दुसऱ्याच्या जमिनीवर नुसतं चालणं हा फौजदारी गुन्हा नव्हताच. शिक्षेची बातमी पसरली तशी लोकांची सहानुभूती वाढत गेली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि २००० मध्ये डोंगर-माळरानांवर मुक्तपणे चालण्याचा हक्क. नकाशावरची ती फिकट पिवळी छटा म्हणजे तोच हक्क.

वागण्याच्या काही गोष्टी

फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. कुंपण ओलांडायला दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात. त्या सोडून रचीव दगडी भिंतीवर चढू नका. त्या भिंती चुना-सिमेंटशिवाय उभ्या आहेत आणि एक दगड निघाला की हळूहळू हातभर भिंत बसते.

गाईंचं भय बाळगा. आपल्याला गाय म्हणजे गरीब जनावर वाटतं, पण इथे वासरू सोबत असलेली गाय खरोखर धावून येते, विशेषतः कुत्रं असेल तर. कळप वाटेवर असला तर लांबून वळसा घाला, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. आली अंगावर तर कुत्र्याची दोरी सोडून द्या. १ मार्च ते ३१ जुलै या काळात मोकळ्या माळरानावर कुत्रं दोरीनेच बांधलेलं असावं असा कायदा आहे, जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या आणि कर्ल्यू पक्ष्यांसाठी.

आग अजिबात नको. फॉइलच्या तबकातली शेगडीही नको. कोरडं पीट पेटलं की जमिनीच्या आतून दिवसच्या दिवस धुमसतं.

काही झालंच तर

९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग 'माउंटन रेस्क्यू' असं सांगा. या भागात एडेल माउंटन रेस्क्यू टीम काम करते. सगळे स्वयंसेवक, पैसे घेत नाहीत. आपली जागा दाखवणारा नकाशावरचा सहा आकडी संदर्भ सांगता आला तर ते लवकर पोहोचतात, म्हणून घरीच एकदा तो वाचायचा सराव करा. फोन लागत नसेल तर शिट्टी: मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. वाट बघताना खाली बसायला बॅग घ्या, थेट ओल्या जमिनीवर बसू नका, आणि सगळे कपडे आताच घाला, थंडी वाजायची वाट न बघता.

परतीला संध्याकाळी उशिराची गाडी पकडणार असाल तर गावातून साडेसहाला निघा आणि हॉलिन्स क्रॉसवरून एडेलला उतरा. जूनमध्ये त्या वेळी ऊन पश्चिमेकडून धारेवर तिरपं पडतं, तटाचे मातीचे उंचवटे सावल्यांनी उठून दिसतात, आणि खिंडीत बहुधा मेंढ्यांशिवाय कोणी नसतं. तिथून स्टेशन तासाभराच्या उतारावर आहे.